डोक्यावर छप्पर आणि चेहऱ्यावर आठी नाही

आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचं ठरवलंय. विषय आहे खुर्च्या, टेबलं आणि स्टुलं. पण साधी नव्हेत. माणसाच्या शरीराच्या जुन्या मूर्ती बघून ज्यांना आकार दिला, ती. आणि त्यातही जास्त करून बाईच्या शरीराचा आकार दिलेली.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, असल्या सामानाशी आपला काय संबंध? आपल्या घरात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, एक लोखंडी पलंग आणि देवापुढचा पाट. आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण आपली भाषाच बघा ना. खुर्चीला आपण हात म्हणतो, पाय म्हणतो, पाठ म्हणतो. घागरीला गळा असतो आणि पोट असतं. कढईला कान, सुईला नाक, जात्याला तोंड. म्हणजे घरातल्या वस्तू आपण आधीच माणसाच्या अंगानं ओळखतो. काही ठिकाणच्या कारागिरांनी एवढंच केलं, की जे आपण बोलतो ते त्यांनी खरोखर कोरून काढलं. खुर्चीचा पाय म्हणजे खरा पाय, आणि टेबलाच्या खांबाच्या जागी एक अख्खी बाई.

ही अख्खी बाई कुठून आली, तिथून सुरुवात करू.

ग्रीस देशात अथेन्स नावाचं शहर आहे. शहराच्या मधोमध एक उंच खडक, त्यावर जुनी देवळं. त्यातल्या एका देवळाचं नाव एरेख्थेइऑन. इसवी सनापूर्वी ४२१ ते ४०६ या काळात ते बांधलं गेलं, असं जाणकार सांगतात. त्याच्या दक्षिण बाजूला एक छोटी पडवी आहे. पडवीला छप्पर आहे, पण छपराखाली खांब नाहीत. खांबांच्या जागी सहा बायका उभ्या आहेत. संगमरवराच्या. पुढे चार, मागे दोन. उंची सव्वादोन मीटरहून थोडी जास्त, म्हणजे आपल्या घराच्या दारालाही डोकं लागेल एवढ्या. आणि सगळ्या छपराचा भार त्यांच्या डोक्यावर.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आम्ही एक सांगतो. ऐकता ऐकता उभ्या राहा. हातातलं निवडण-टिपण खाली ठेवा. आता डावा गुडघा जरासा पुढे वाकवा आणि सगळा भार उजव्या पायावर टाका. काय झालं? उजवी कंबर वर गेली. उजवा खांदा थोडा खाली आला. शरीराला एक हलका बाक आला. बाळ कडेवर घेतलं, की आपण अशाच उभ्या राहतो. कळशी कमरेवर घेतली, की अशाच. आपल्याकडच्या मूर्तिकारांनी शरीराला तीन ठिकाणी बाक देऊन त्याला त्रिभंग म्हटलं. ग्रीक मूर्तिकारांनी भार एका पायावर टाकून उभा माणूस कसा घडवायचा, याचं मोठं शास्त्र केलं. त्याआधी त्यांच्या मूर्ती दोन्ही पाय ताठ ठेवून उभ्या असत, शाळेतल्या ‘सावधान’सारख्या. भार एका पायावर गेला आणि दगड जिवंत दिसू लागला.

त्या सहा जणी अशाच उभ्या आहेत. तिघींचा भार उजव्या पायावर, तिघींचा डाव्या. त्यात हुशारी अशी, की प्रत्येकीचा भाराचा पाय पडवीच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि मोकळा पाय आतल्या बाजूला. भाराच्या पायावरून वस्त्राच्या चुण्या सरळ खाली उतरतात, खांबावरच्या उभ्या खाचांसारख्या. दुरून बघणाऱ्याला बाजूनं खांब दिसतो आणि मधून बाई दिसते.

आता डोकं. डोक्यावर सरळ छप्पर ठेवलेलं नाही. मध्ये एक गोल गादी आहे, दगडाचीच, कोरलेली. तिचं चित्र आम्ही पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, “अगं, ही तर चुंबळ!” अभ्यासक तिला काय म्हणतात ते म्हणोत, काम चुंबळीचंच आहे. वरचा भार एका टोकावर येऊ नये, गोलात पसरावा.

आणि मान. हंडा डोक्यावर घेतला, की पहिल्यांदा काय भरून येतं? मान. दगडाच्या मूर्तीचंही तेच. मान हा मूर्तीचा सगळ्यात बारीक भाग, आणि संगमरवर दाबाला टिकतो, पण बारीक जागी तडकतो. मग कारागिरांनी काय केलं? प्रत्येकीच्या पाठीवर जाड वेण्या सोडल्या. भरगच्च, मानेला चिकटून खाली उतरणाऱ्या. समोरून बघणाऱ्याला मान नाजूक दिसते. मागून बघितलं, तर मानेच्या मागं केसांचा दुसरा खांबच उभा आहे. भार त्या वेणीतून खाली जातो. आम्हाला या सगळ्या गोष्टीत ही वेणी फार आवडली. शोभेची म्हणून दिसते आणि सगळं काम ती करते.

चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. कपाळाला आठी नाही, दात आवळलेले नाहीत, खांदे चढलेले नाहीत. जणू डोक्यावर परडीभर फुलं आहेत.

आता यांच्या शेजारी पुरुष ठेवून बघू. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे. तिथल्या आग्रिजेंतो गावात त्याच शतकातलं एक प्रचंड देऊळ होतं. त्यावर भार वाहणारे दगडी पुरुष होते, साडेसात मीटरच्या आसपास उंच. त्यांचे दोन्ही हात कोपरात वाकवून डोक्यामागं घेतलेले आहेत, मान खाली दबलेली आहे, दंड आणि छाती फुगलेली. बघणाऱ्याला लगेच कळतं, बापरे, केवढं ओझं! आपल्याकडेही तसंच. सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलात, तर खांबाच्या वरच्या टोकाला बघा. बुटके, पोट सुटलेले कीचक हात वर करून तुळई उचलताना दिसतील. यादव काळातल्या पुष्कळ देवळांत ते आहेत. त्यांची धडपड बघून हसूही येतं आणि दयाही येते.

म्हणजे पुरुषानं भार उचलला तर तो दिसला पाहिजे, आणि बाईनं उचलला तर तो दिसता कामा नये. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दगडात हे आहे. प्रत्येक देशात, प्रत्येक मूर्तीत असंच आहे असा आमचा दावा नाही. पण एकदा हे लक्षात आलं, की डोळे सारखे तेच शोधू लागतात.

या बायका कोण, याची एक गोष्टही आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये विट्रुव्हियस नावाचा वास्तुकार होता. त्यानं लिहून ठेवलं, की कार्याई नावाच्या गावानं शत्रूला, म्हणजे इराणी फौजेला, साथ दिली. युद्ध जिंकल्यावर ग्रीकांनी त्या गावातल्या पुरुषांना मारलं आणि बायकांना गुलाम केलं. त्यांना अंगावरचे घरंदाज बाईचे कपडे-दागिने उतरवू दिले नाहीत, म्हणजे लाज कायम लोकांसमोर राहावी. आणि वास्तुकारांनी त्या बायकांच्या मूर्ती करून इमारतींचा भार त्यांच्यावर दिला. कार्याईच्या म्हणून कॅरिअटिड. आज जगभर अशा खांब-बाईला हेच नाव आहे.

गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. पण ती खरी असेल, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटत नाही. कारण इराणी स्वाऱ्या झाल्या इसवी सनापूर्वी ४९० आणि ४८० मध्ये, आणि डेल्फी या तीर्थक्षेत्री भार वाहणाऱ्या बायका त्याच्या आधीच, ५२५च्या सुमाराला, उभ्या होत्या. शिवाय अथेन्सच्या त्या देवळाच्या बांधकामाचा हिशोब दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात या सहा जणींना नुसतं ‘मुली’ म्हटलंय. त्यांच्या हातात पूजेची वाटी होती, हेही नंतरच्या रोमन प्रतिकृतींवरून कळतं. म्हणजे त्या देवकार्याला आलेल्या मुली असाव्यात. गुलाम ही ओळख त्यांना मागाहून एका पुरुषाच्या पुस्तकानं दिली. आणि पुढची दोन हजार वर्षं सगळ्यांनी तीच खरी मानली.

आता देवळातून घरात येऊ.

युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात जुन्या ग्रीक-रोमन गोष्टींचं वेड लागलं. विट्रुव्हियसचं पुस्तक छापून घरोघरच्या कारागिरांच्या हाती गेलं. मग सुतारांनीही कॅरिअटिड कोरायला सुरुवात केली. फ्रान्समधल्या मोठमोठ्या अक्रोडी कपाटांच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहिल्या. टेबलांच्या पायांच्या जागी बायका, शेकोटीच्या चौकटीला बायका. पुढे नेपोलियनच्या काळात तर गंमतच झाली. टेबलाच्या किंवा कपाटाच्या खांबाला वर पितळी रंगाचं बाईचं डोकं, आणि तळाशी दोन छोटी उघडी पावलं. मधे काय? नुसता सरळ लाकडी खांब. शरीर गेलं. डोकं राहिलं, पावलं राहिली, आणि काम राहिलं.

इथे सुतारकामातली एक गोष्ट सांगायला हवी. लाकडाला रेषा असतात, हे सरपण फोडणाऱ्या बाईला सांगायला नको. रेषेच्या दिशेनं घाव घातला की ढलपी निघते, आडवा घातला की कुऱ्हाड अडकते. लाकूड उभ्या रेषेत भार घ्यायला ताकदवान असतं. म्हणून सरळ उभी बाई पायाच्या जागी बसते. पण तिचा हात बाहेर काढून कोरला, तर तिथं रेषा आडवी पडते आणि हात मोडतो. त्यामुळे लाकडी सामानातल्या बायकांचे हात बहुतेक अंगाला चिकटलेले असतात, नाहीतर छातीवर दुमडलेले, नाहीतर मुळी नसतातच. बाईला हात नसण्याला दर वेळी काही खोल कारण असतं असं नाही, कधी कधी ते नुसतं लाकूड असतं.

व्हेनिसमध्ये मात्र गोष्ट लाकडावर थांबली नाही. आंद्रेआ ब्रुस्तोलोन नावाचा एक फार कसबी कोरीव कारागीर होता, १६६२ ते १७३२. त्यानं व्हेनिएर या श्रीमंत घराण्यासाठी केलेलं सामान आज तिथल्या का रेझोनिको या वाड्यात ठेवलंय. खुर्च्यांचे हात झाडाच्या फांद्यांसारखे, आणि त्या फांद्या पेलणारे छोटे काळे माणूस. फुलदाण्या पेलायला काळ्या लाकडात कोरलेले आफ्रिकी पुरुष, मोठमोठे, शरीराचा एकेक स्नायू जुन्या ग्रीक मूर्तीसारखा कोरलेला, आणि गळ्यात साखळी. कारागिरी अशी, की बघत राहावं. पण ज्या काळात जहाजं भरभरून माणसं विकली जात होती, त्या काळातली ही फुलदाणी आहे. दिवाणखान्यात पाहुणे बसत, गप्पा मारत, आणि ते साखळीतले पुरुष त्यांच्या शेजारी भार धरून उभे. विट्रुव्हियसच्या गोष्टीतल्या गुलाम बायका खऱ्या नसतील. ही माणसं मात्र खऱ्या माणसांवरून आली होती.

आता याच्या अगदी उलट एक स्टूल. आफ्रिकेतल्या काँगो देशात लुबा नावाचे लोक आहेत. त्यांच्या राजांची आणि मुखियांची स्टुलं एकाच ओंडक्यातून कोरलेली असत. गोल बैठक, आणि बैठकीखाली एक बाई, गुडघ्यावर बसलेली किंवा उभी. दोन्ही हात वर करून बोटांच्या टोकांनी बैठक पेललेली. पहिल्यांदा बघितलं की वाटतं, झालं, इथेही तेच. राजा वर, बाई खाली.

पण लुबा लोकांची समजूत वेगळी आहे. राजेपण हे बाईच्या शरीरात राहतं, असं ते मानत. राजा मेल्यावर त्याचा आत्मा एका बाईच्या ठायी येई आणि तिला राजाचा मान मिळे. त्यामुळे स्टुलाखालची बाई मोलकरीण नाही. तिच्यावर तो बसतो म्हणून तो राजा आहे. आणि आणखी गंमत म्हणजे असं स्टूल रोजच्या बसण्यासाठी नसायचंच. पांढऱ्या कापडात गुंडाळून ते दुसऱ्याच गावात राखणदाराच्या हाती ठेवलेलं असे. स्टूल आहे, पण बसायचं नाही! हे ऐकून आम्हाला घरातला तो पाट आठवला, ज्यावर फक्त गणपती बसतो.

एकच आकार, खाली बाई आणि वर भार, पण अर्थ बदलला. म्हणून नुसतं चित्र बघून रागवायचंही नाही आणि भुलायचंही नाही. कोण बनवतं, कोणासाठी, आणि ती बाई तिथं कोण म्हणून उभी आहे, हे विचारायचं.

हे विचारायला १९६९ या एका वर्षाइतकी चांगली जागा नाही. त्या वर्षी युरोपात दोन पुरुषांनी बाईच्या शरीराचं सामान बनवलं.

एक होता इंग्लंडचा ॲलन जोन्स. त्यानं तीन वस्तू केल्या, खुर्ची, टेबल आणि टोप्या अडकवायचा खांब. तिन्ही म्हणजे तोकड्या कपड्यांतल्या, खऱ्या बाईच्या मापाच्या फायबरग्लासच्या बायका. टेबल म्हणजे हात आणि गुडघे टेकून ओणवी झालेली बाई, आणि तिच्या पाठीवर काच. खुर्ची म्हणजे पाठीवर पडलेली बाई, पाय छातीशी घेतलेले, आणि त्यांवर बसायची गादी. लंडनमध्ये त्या मांडल्या, तेव्हापासून बायकांनी त्याला विरोध केला. त्यातली एक खुर्ची पुढे लंडनच्या टेट संग्रहालयात ठेवली होती. १९८६ साली, ८ मार्चला, महिला दिनाच्याच दिवशी, कुणीतरी तिच्यावर रंग जाळणारं रसायन टाकलं. तोंडाचा भाग खराब झाला, पुढे तो दुरुस्त केला गेला. मोडतोडीचं समर्थन आम्ही करत नाही. पण हेही सांगतो, की त्या टेबलाचं चित्र पाहिल्यावर आमच्यात बराच वेळ कुणी बोललं नाही. फरशी पुसताना आपण जशा असतो, तशीच ती होती. फक्त कुणीतरी तिच्या पाठीवर पेला ठेवणार होतं.

दुसरा होता इटलीचा गाएतानो पेशे. त्यानंही खुर्चीच केली. नाव ‘अप ५’, पण सगळे तिला दोन्ना म्हणतात. दोन्ना म्हणजे बाई. काही लोक ‘आई’ही म्हणतात. फार जुन्या काळातल्या सुफलतेच्या देवतांच्या मूर्ती असतात ना, मोठं पोट, मोठी छाती, भरलेल्या मांड्या, तशा आकाराची ती आहे. डोकं नाही, हात नाहीत. तिच्या मांडीत बसायचं, छातीला टेकायचं. बसणाऱ्याला कुशीत घेतल्यासारखं वाटतं म्हणे. आणि या खुर्चीला दोरीनं बांधलेला एक मोठा गोल चेंडू आहे, पाय ठेवायला. कैद्याच्या पायात बेडी आणि बेडीला लोखंडी गोळा असतो, तसा. पेशेनं उघड सांगितलं, की बायका पुरुषांच्या पूर्वग्रहांच्या कैदी आहेत आणि मला ते खुर्चीतून सांगायचं होतं.

ही खुर्ची बनली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. पेशे अंघोळ करत होता. हातात स्पंज. त्यानं तो दाबला, स्पंज आकसला. सोडला, पुन्हा फुलला. त्यावरून त्याला सुचलं, खुर्चीच अशी केली तर? आत लाकूड नाही, लोखंड नाही, नुसता फोम. कारखान्यात त्या फोममधली हवा यंत्रानं ओढून काढायची, मग ती खुर्ची भाकरीसारखी चपटी व्हायची, मूळ आकाराच्या दहाव्या हिश्शाएवढी. चपट्या पाकिटात घरी न्यायची. पाकीट फोडलं, की हवा आत शिरून ती डोळ्यांदेखत फुगत फुगत उभी राहायची. कढईत टाकलेला पापड जसा तेलात फुलतो ना, तसं काहीसं, पण सावकाश. मात्र या फोमसाठी फ्रेऑन नावाचा वायू लागायचा. १९७३ मध्ये ते उत्पादन थांबलं. २००० साली ती पुन्हा बाजारात आली, पण आता ती फुगत नाही, तयार आकारातच येते.

आता प्रश्न असा, की बाईची कैद दाखवणारी खुर्ची ही बाईच्या बाजूची आहे का? आमच्यात यावरून दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, निदान त्यानं तो गोळा दाखवला. ग्रीक मूर्तीत भार लपवला, यानं समोर ठेवला. हे धाडस आहे. बाकीच्या म्हणाल्या, दाखवलं खरं, पण बसायचं तिच्याच मांडीवर ना? आणि पाय कशावर ठेवायचा? तिच्याच बेडीवर! शिवाय महागडी खुर्ची ती, ज्यांच्या दिवाणखान्यात जाते त्यांना तिच्या दुःखाचं काय?

हा वाद आमचाच नाही. २०१९ मध्ये त्या खुर्चीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मिलान शहरातल्या मोठ्या चर्चच्या चौकात पेशेनं तिची आठ मीटर उंच मूर्ती उभी केली. अंगात शेकडो बाण खुपसलेले, भोवती हिंस्र प्राण्यांची डोकी. बायकांवरचे अत्याचार दाखवायचे म्हणून. आणि तिथल्या बायकांच्या संघटनेनंच तिच्यासमोर निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं, बाण दिसतात, पण बाण मारणारा माणूस कुठंय? त्याच्या जागी तुम्ही जनावरं ठेवलीत. आणि बाईला पुन्हा एकदा डोकं नाही, तोंड नाही, ती खुर्चीच. पेशे २०२४ मध्ये वारला. आमचं मत विचाराल, तर त्याचा हेतू खरा होता असं आम्हाला वाटतं, आणि मिलानच्या बायकांचा प्रश्नही खरा होता.

डोक्यावरून आठवलं. आपल्याकडे देवळात पितळी दीपलक्ष्मी असते. दोन्ही हातांत पणती धरून उभी असलेली बाई. तीही एका अर्थी दिवा ठेवायची बैठकच. पण काही दीपलक्ष्म्या खऱ्या बायकांनी नवस फेडताना स्वतःच्या रूपात घडवून घेतलेल्या आहेत. तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या एका स्त्रीची तशी दीपलक्ष्मी तिकडच्या देवळात आहे, एकोणिसाव्या शतकातली. तिनं ठरवलं, की मी इथं दिवा धरून उभी राहीन. ते ओझं तिनं मागून घेतलेलं.

आता शेवटची खुर्ची. यात बाईला खुर्ची केलेलं नाही, तर बाईच्या अंगासाठी खुर्ची केलीय. ग्रीक लोक तिला क्लिस्मॉस म्हणत. चारही पाय बाहेरच्या बाजूला कोयत्यासारखे बाकदार, आणि पाठ टेकायची फळी खांद्याच्या उंचीला, पाठीच्या गोलाईप्रमाणे आत वळलेली. बघितली की वाटतं, कुणीतरी माणसाच्या पाठीवरून हात फिरवून मग लाकूड वाकवलंय. अशा खऱ्या लाकडी खुर्च्या आज उरलेल्या नाहीत. लाकूड ते, कुजून गेलं. मग आपल्याला ती माहीत कशी? दगडात कोरलेल्या आणि मडक्यांवर रंगवलेल्या माणसांमुळे, कारण ती त्यावर बसलेली आहेत. विसाव्या शतकात रॉब्सजॉन-गिबिंग्ज नावाच्या इंग्रज रचनाकारानं ती चित्रं आणि शिल्पं मापून-बघून तशाच खुर्च्या पुन्हा घडवल्या. अथेन्सच्या सारिडिस या सुतारी कारखान्याबरोबर १९६१ पासून त्यानं हे काम केलं. म्हणजे मूर्तीत जपलेली खुर्ची मूर्तीतून बाहेर आली.

आम्ही ही गोष्ट ऐकली आणि आपल्या सभा-बैठकींतल्या खुर्च्या आठवल्या. पुरुषाच्या उंचीच्या. बुटकी बाई बसली की पाय लोंबकळतात, मांडीखाली काठ रुततो, म्हणून ती पुढे सरकून कडेवर बसते. मग लोक म्हणतात, बायका खुर्चीवर नीट बसतच नाहीत. खुर्ची आपल्या मापाची नाही, हे कुणी म्हणत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापून कमी करता येत नाहीत, तिचा तोल जातो. पण पायाखाली एक पाट सरकवता येतो. तेवढ्यानं कंबर सुटते, करून बघा.

ग्रीक बायकांनीही हेच केलं होतं. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एक समाधीचा दगड आहे, इसवी सनापूर्वी ४१०-४०० च्या सुमाराचा. त्यावर एक बाई क्लिस्मॉसवर बसलीय. पाठ नीट टेकलेली, आणि पाय छोट्या चौरंगावर ठेवलेले. ती हातातला दागिना बघतेय. त्याच काळात, त्याच शहरात, वर खडकावर त्या सहा जणी छप्पर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, आणि इथं एक जण निवांत बसलेली.

त्या सहा जणींचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. एकीला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्गिन नावाच्या स्कॉटिश उमरावानं उतरवून नेलं. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उरलेल्या पाच जणींचे चेहरे शहराच्या धुरानं झडू लागले, म्हणून १९७९ मध्ये त्यांना खाली आणलं. आता देवळावर त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. खऱ्या पाच जणी शेजारच्या नव्या संग्रहालयात आहेत, २००९ मध्ये ते उघडलं. तिथं त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. लोकांना भोवतीनं फिरता येतं, मागच्या वेण्या बघता येतात. सहावीची जागा रिकामी ठेवलीय.

आणि त्या समाधीच्या दगडावर, खुर्चीवर बसलेल्या बाईच्या डोक्याशी तिचं नाव कोरलंय, हेगेसो, आणि तिच्या वडलांचं नावही. तिच्यासमोर एक दासी उभी आहे, दागिन्यांची पेटी हातात धरून. पेटी उघडी आहे. किती वेळ ती धरून उभी असेल, कोण जाणे. तिचं नाव दगडावर नाही.